सोसणारी

धरमपेठेतल्या टॅटूच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत रेलून गाणी ऐकत होतं. निखिलेश त्याच्या बरगड्यांवर गरुड गोंदत होता. दुखत होतं ते पडद्याआड बसलेल्या प्रमिलाला.

दोघांच्याही मानेला वेदनापट्टा होता. गिऱ्हाइकाची कळ मेंदूत पोचण्याआधीच त्याचा पट्टा ती अडवी आणि प्रमिलाच्या पट्ट्याकडे धाडी. नुसतं अडवून भागत नसे. कोणीच न सोसलेली कळ काही दिवसांनी दुप्पट होऊन उसळते, हे सुरुवातीच्या प्रयोगांत दिसलं होतं. दुसऱ्या जिवंत मेंदूनं ती सोसली, की मूळ मज्जातंतू निवांत होत. म्हणून हे काम निघालं. करणाऱ्या बाईला लोक ‘सोसणारी’ म्हणत.

पूर्वी प्रमिला एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. गुडघे गेले तेव्हा बसून करायचं काम म्हणून तिनं हे धरलं. घोटा, बरगडी, कोपराची आतली बाजू. हाडावर मांस कमी, तिथं सुई जास्त लागते. संध्याकाळी अंग ठेचून काढल्यासारखं होई, पण कातडीवर साधा ओरखडाही नसे. “दिवसभर बसूनच तर असतेस,” असं नवरा देविदास म्हणायचा. ती तशीच उठून कणीक मळायला घ्यायची.

त्या दुपारी कळ पोटाच्या उजव्या बाजूला उतरली. गरुडाचं शेपूट आलं असेल, असं तिला वाटलं. शिकवल्याप्रमाणे ती लांब श्वास घेत राहिली. कळ वाढली, घाम फुटला, तरी ती डोळे मिटून बसून होती.

निखिलेशनं पडदा सारला. “ताई, चहा सांगू का? तो पोरगा मघाशीच गेला.”

“आता कोण बसलंय?”

“कोणीच नाही. तुमचा पट्टा मीच काढून ठेवला ना. विसरलात?”

प्रमिलानं मान चाचपली. मान मोकळी होती. उठायला गेली आणि ती तिथंच कोसळली.

अपेंडिक्स फुटलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर वाचली नसती. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “केव्हापासून दुखत होतं?”

“आठवडाभर असेल,” प्रमिला म्हणाली. “कामावर असताना गिऱ्हाइकांचं वाटायचं. घरी वाटायचं, त्यांचंच मागं राहिलंय.”

देविदास शेजारी उभा होता. त्यानं तिच्या पायावरची चादर सारखी केली.

टाके सुकल्यावर ती दुकानात गेली. पडद्याआड दुसरी बाई ओठ घट्ट मिटून बसली होती. तिचं काम संपेपर्यंत प्रमिला बाहेर बाकावर थांबली. मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसली आणि मनगट पुढं केलं.

“एक टिंब गोंद. पट्ट्याशिवाय.”

“ताई, कशाला उगाच? अजून थकलेल्या आहात तुम्ही.”

“गोंद.”

सुई टेकली. रक्ताचा बारीक थेंब वर आला. प्रमिला त्याच्याकडं बघत राहिली.

“दुखतंय?” निखिलेशनं हळूच विचारलं.

“दुखतंय.” तिनं दुसऱ्या हातानं उघडी मान चाचपली, मग पुन्हा मनगटाकडं पाहिलं. “पण निखिलेश, हे माझंच आहे ना?”