अर्थ सांगण्याआधी

दिवा जरा अलीकडे सरकवतो, म्हणजे तुमचा चेहरा दिसेल. सुरुवात तशी साधीच आहे. त्या रविवारी सकाळी मी सभेच्या शेडमधला भुसा झाडत होतो.

आठवडाभर मी आरा गिरणीत ओंडके कापतो आणि रविवारी गिरणीच्याच मागच्या शेडमध्ये प्रार्थनासभा घेतो. बाकं आम्ही टाकाऊ फळ्यांची ठोकली आहेत. कुणी मला पाळक म्हणतं, कुणी भुसापास्टर. गिरणीचा मालक हसून सांगतो, "याचं बरं आहे. सोमवारी लाकडं, रविवारी माणसं. दोन्हीकडे गाठ बघूनच करवत लावतो."

आमच्या मंडळीत पवित्र आत्म्याने भरलेलं माणूस कधीकधी अन्य भाषेत बोलू लागतं. ती भाषा बोलणाऱ्यालाही कळत नाही. तिचा अर्थ सांगण्याचं दान माझ्या बायकोला आहे. ती पुढच्या बाकावर डोळे मिटून बसते, तळहात गुडघ्यावर पालथा ठेवते आणि बाजारातून काय आणायचं ते सांगावं इतक्या शांतपणे अर्थ सांगते. त्यानंतरच मंडळी 'आमेन' म्हणते, म्हणजे 'तसंच होवो'. अर्थ कळण्याआधी आमेन नाही, हा आमचा नियम. न वाचता अंगठा कोण उठवतो?

माझी धाकटी बहीण तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिचा नवरा दगडाच्या एका बंद खाणीवर रखवालदार होता. खाण पाण्याने भरलेली, काठावर पत्र्याची एकच खोली, आसपास वस्ती नाही. एक दिवस तो त्या पाण्यात बुडालेला सापडला. बहीण काठावर बसलेली होती, पाय पाण्यात सोडून. तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टर म्हणाले, घशात दोष नाही. लहानपणी आई वैतागून म्हणायची, "हिच्या तोंडाला कुणी कुलूप लावा रे." आता सगळं घर त्या कुलपाची किल्ली शोधत होतं.

त्या रविवारी गाणं संपलं, सगळे बसले, आणि बहीण उभी राहिली. तिचे ओठ हलले. ती बोलू लागली.

आमची भाषा नव्हती ती. पाण्याखाली खडे एकमेकांवर घरंगळावेत तसा आवाज होता, जाड, आणि तिच्या छातीच्याही खालून येणारा. वाक्य संपताना आवाज किंचित वर जायचा आणि थांबायचा. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, आनंदाचाच.

"आमेन!" पुढच्या बाकावरची आजी ओरडली. तिच्या आमेनने पत्रे हलतात असं आम्ही गमतीने म्हणतो. मग मीही ओरडलो. सगळी शेड ओरडली. बहीण पुन्हा तेच बोलली, आम्ही पुन्हा आमेन म्हणालो. तिसऱ्या वेळी ती वेगळंच काही बोलली आणि खाली बसली. लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. ताज्या भुशाच्या वासात मला ओल्या दगडाचा वास आला, पण तिकडे मी लक्ष दिलं नाही.

बायकोकडेही दिलं नाही. तिचा तळहात गुडघ्यावरून उठला होता आणि तोंडावर दाबलेला होता.

दुपारी जेवताना मी म्हणालो, "अगं, अर्थ सांगायचा राहिलाच की."

"तुम्ही थांबलात कुठे?"

"बरं, आता सांग."

तिने आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे बहीण भिंतीकडे तोंड करून बसली होती. मग अगदी हळू म्हणाली, "अहो... ती प्रार्थना नव्हती. कुणीतरी विचारत होतं."

"काय?"

"'ही आतून रिकामी आहे. मी हिच्यात राहू का?'"

मी हातातला घास ताटात ठेवला.

"दोनदा विचारलं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा तुम्ही सगळ्यांनी मिळून हो म्हटलंत. शेवटी ते म्हणालं... 'अजून एकदा विचारीन. मग आतून कडी लावून घेईन.'"

"आपण तिला सभेला नेऊच नये."

"मग ते घरात विचारेल. झोपेत कुणी नुसतं 'हं' म्हटलं तर? सगळ्यांनी होकार दिलाय, सगळ्यांसमोरच नाकारायला हवं."

तो आठवडा मी विसरणार नाही. बहीण तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, तरी तिचे ओठ कोरडे. केसांना ओल्या दगडाचा वास. पण ती अजून आत होती, हे मला ठाऊक आहे. एका संध्याकाळी मी गिरणीतून आलो तेव्हा तिने माझा हात धरला आणि तळव्यात रुतलेली लाकडाची बारीक कूस नखाने अलगद काढली. लहानपणी काढायची तशीच. चेहरा दगडासारखा होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

रविवारी मी मंडळीपुढे उभा राहिलो. कारण सांगितलं असतं तर निम्मी शेड पळाली असती, म्हणून एवढंच म्हणालो, "आज कुणी आमेन म्हणायचं नाही. कितीही आनंद झाला तरी. मी सांगेपर्यंत तोंडं बंद."

"पास्टर, आमेन पोटात राहिलं तर मला वारा धरतो हो," आजी म्हणाली. लोक हसले.

"आजी, आजच्या दिवस रुमाल चावा."

तिने खरंच रुमाल दातात धरला. ते बघून बाकीच्यांनीही धरले. कुणी रुमाल, कुणी बाहीचं टोक. हसू ओसरलं, आणि समोर नुसते डोळे उरले.

बहीण उठली. बाहेर स्वच्छ ऊन होतं, पण शेडमधला उजेड पाण्यातून आल्यासारखा हिरवट झाला. तोच आवाज आला, आणि या वेळी प्रश्न प्रश्नासारखा ऐकू आला, मला अर्थ कळत नसतानाही. वाक्य वर गेलं आणि थांबलं.

कुणी हललं नाही. आजीचा जबडा थरथरत होता. माझ्या जिभेवर तो शब्द आपोआप येऊन बसला होता. इतक्या वर्षांची सवय, शांतता झाली की तो येतोच. मी जीभ दाताखाली धरली. तोंडात रक्ताची चव आली.

बहिणीच्या अंगाला झटका बसला. गळ्याची शीर ताणली गेली. तोंडाच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं, गढूळ, दगडाच्या भुकटीचं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तीच होती... माझी बहीण.

"दा..." ती म्हणाली. फाटक्या, तिच्या स्वतःच्या आवाजात. "दा... दा..."

मी पुढे धावलो.

"आमेन."

मागच्या बाकावर गवंड्याची बायको बसली होती, मांडीवर तान्हं घेऊन. त्या मुलाला अजून दात नव्हते, मानही धड धरत नव्हतं. त्याने तो शब्द पूर्ण आणि स्वच्छ उच्चारला, एखाद्या वयस्क माणसाने उच्चारावा तसा. आणि ते माझ्या बहिणीकडे पाहत होतं.

मग गवंड्याची बायको रडत-हसत उभी राहिली. "अगं बाई! माझ्या लेकराचा पहिला शब्द! पास्टर, ऐकलंत ना? पहिला शब्द!"

रुमाल खाली आले. टाळ्या सुरू झाल्या. आजीने आठवडाभराचं आमेन एका दमात काढलं. त्या गोंधळात बहिणीचं उघडं तोंड हळूच मिटलं. तिने कपडे सारखे केले, ओठ पुसले आणि आमच्या साध्या भाषेत म्हणाली, "बरं वाटतंय मला आता."

तिला वाचा आली. आता ती सगळ्यांशी गोड बोलते, साक्ष देते, दूरदूरची माणसं ऐकायला येतात. मला दादा म्हणते. हातात कूस गेली की मात्र माझी मीच काढतो.

परवा जेवताना ती म्हणाली, "वहिनी, भात छान झालाय." एवढंच, अगदी रोजचं वाक्य. बायकोचे डोळे मिटले. तिचा तळहात गुडघ्यावर पालथा पडला आणि ओठ हलायला लागले, अर्थ सांगताना हलतात तसे. मग तिने तोंडावर हात दाबला आणि ताट सोडून उठली.

मी मागोमाग गेलो. "काय म्हणाली ती?"

बायकोने नुसती मान हलवली. आतून बहिणीचा आवाज आला, अगदी मायेचा: "दादा, छान झालाय ना रे भात?"

वाक्य वर गेलं आणि थांबलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.