वधस्तंभाखालचा पहारा

फरात नदीवरचे धुके विरून रोमन किल्ल्याचा तट उजळू लागला, तेव्हा वेशीबाहेरच्या वधस्तंभाखाली लुकियान नावाचा शिपाई तिसऱ्या दिवशीही पहारा देत होता. आणि वर लोंबणाऱ्या त्या पळपुट्या गुलामाच्या मनगटांत खिळे त्यानेच ठोकले असल्यामुळे त्याची नजर काही केल्या वर जात नव्हती. प्रेताला माती द्यायची नाही, असा किल्लेदार कॅल्व्हिनसचा सक्त हुकूम होता.

सूर्य कासराभर वर आला आणि मार्ताना वेशीतून बाहेर पडली. गावातल्या मूठभर ख्रिस्ती मंडळींपैकी ही म्हातारी विधवा. खांद्यावर शिडी, काखेत कफनाचे वस्त्र.

"आजी, मागे फिरा," लुकियान कळवळून म्हणाला. "मला हात उगारायला लावू नका."

तोच किल्लेदाराची स्वारी येऊन ठेपली.

"हा गुलाम तुमच्या पंथातला होता?" घोड्यावरूनच त्याने मार्तानाला विचारले.

"नव्हता, सरकार."

"मग हा उमाळा कशाचा?"

"आमचा प्रभूही असाच टांगला गेला. तेव्हापासून या लाकडावरचा कोणीही आम्हाला परका नाही."

कॅल्व्हिनस हसला. "गुलामाचं मरण मेलेला देव! लाज नाही वाटत?"

"वाटायची. पण तुमच्या न्यायासनाने ज्याला अपराधी ठरवून मारलं, त्यालाच देवाने तिसऱ्या दिवशी उठवलं. तेव्हा कळलं, सरकार, की तुमचा निवाडा हा शेवटचा निवाडा नव्हे."

किल्लेदाराचे हसू मावळले. "शिपाई, धर हिला!"

लुकियान जागचा हलला नाही. मग त्याने कमरेची तलवार सोडून घोड्यापुढे ठेवली, म्हातारीच्या खांद्यावरची शिडी घेतली आणि आपणच ठोकलेले खिळे एकेक करून उपटले. प्रेत मार्तानाच्या मांडीवर विसावेपर्यंत किल्लेदाराबरोबरचा एकही शिपाई पुढे सरसावला नाही.

लुकियानची रवानगी तांब्याच्या खाणीत झाली. मार्तानाला फटके बसले. दफनाला मात्र किल्लेदाराने पुन्हा मनाई केली नाही, आणि का केली नाही हे कोणाला सांगितलेही नाही.

हिवाळ्यात एका उंटवाल्याने खाणीतून लुकियानचा निरोप आणला: "आजी, मला रोज भीती वाटते. तुमच्या प्रभूवरची माझी श्रद्धा खोटी आहे का?"

मार्तानाने उलट निरोप धाडला, "धरला जाण्याआधी प्रभूलाही वाटली होती, लेकरा. घाम फुटला होता त्याला."

तो निरोप लुकियानपर्यंत पोचला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. दर रविवारी पहाटे प्रार्थनेला जमल्यावर आधी जिवंतांची आणि मग मृतांची नावे घेतली जात; मार्ताना लुकियानचे नाव जिवंतांमध्ये घेई.