खुर्ची कलली नाही

ही घडलेली घटना आहे. यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

ज्याच्या बाबतीत घडली तो रविकांत, माझा मावसभाऊ. आम्ही बरोबरीचे. गावाचं नाव मात्र त्याच्या सांगण्यावरून देत नाही. जपानात, नागानोच्या डोंगरात एक छोटं गाव आहे, एवढं पुरे.

गोष्ट मागच्या फेब्रुवारीतली. आणि रात्रीची नाही. भर दुपारची.

रविकांत बँकेच्या तोक्यो कचेरीत होता. राहायला उरायासुला. तिथे त्याला एक वेड लागलं... जुन्या स्की जमवायचं. आपल्या लहानपणी लोक ज्या लाकडी, दोन-दोन मीटर लांब स्की घालून डोंगर उतरायचे, त्या. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून तो त्या शोधून आणायचा, घासायचा, मेण लावायचा आणि खरोखर घालून उतरायचा.

"घरात माणसं दोन आणि फळ्या अठरा!" वृंदा म्हणायची.

वृंदा म्हणजे त्याची बायको. ती प्रत्येक हिवाळ्यात त्याच्याबरोबर त्या गावी जायची, पण स्की कधी पायात घातली नाही. रविकांतने तिच्या मापाची एक जोडी मिळवली होती. जुनी, लाल पट्ट्यांची, कारखान्यातून निघाल्यापासून बर्फाला न लागलेली. त्याला शोभतील असे जुने बूटही आणले होते.

"पुढच्या वर्षी," ती दर वर्षी म्हणायची. "तोवर मला तुमचा झोपाळा पुरे."

झोपाळा म्हणजे डोंगरावर नेणारी लिफ्ट. तारेवरून जाणारी दोघांची खुर्ची, मधोमध एका दांड्याला टांगलेली. स्की न घातलेल्यांनाही तीत बसू द्यायचे. वृंदा त्याच्या डावीकडे बसून वर जायची आणि त्याच लिफ्टने एकटी खाली यायची.

एकटं माणूस बसलं की ती खुर्ची एका बाजूला कलते. हे लक्षात ठेवा.

आणखी एक. जुन्या स्की पायातून सुटल्या तर थेट दरीत जातात, म्हणून त्या घोट्याला पट्ट्याने बांधतात. रविकांतच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं, तेव्हा वृंदाने त्यात परकराची नाडी ओवून दिली. रविकांतची कंबर धरलेली. वाकता यायचं नाही. ती बर्फात गुडघे टेकून नाडी बांधायची आणि उरलेली टोकं आत खोचायची.

दोघं मुक्कामाला उतरायची त्या खानावळीच्या मालकीण मियाशिता-सान यांना वाटायचं, हा भारतातला काही विधी असावा.

"विधीच आहे," वृंदा म्हणायची. "नवरा हरवू नये म्हणून."

त्या आधीच्या ऑक्टोबरात वृंदा "कचरा टाकून येते" म्हणून खाली गेली...

आणि जिन्यातच बसली.

मेंदूत रक्तस्राव. ॲम्ब्युलन्स यायच्या आत सगळं संपलं होतं.

दहावं पुण्याला झालं, ओंकारेश्वराच्या घाटावर. मी तिथे होतो. पिंडाला कावळा शिवेना. झाडावर कावळे बसलेले, खाली एकही उतरेना. मुलीचं लग्न थाटात करू म्हणून झालं. वृंदाच्या आईला सांभाळू म्हणून झालं. रविकांत हात जोडून एकच विचारत होता, "काय राहिलं गं तुझं? सांग ना..."

शेवटी दर्भाचा कावळा केला.

फेब्रुवारीत रविकांत घर आवरायला जपानला परतला. बदली झाली होती. मुलगी तन्वी ओसाकाला असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, त्या सगळ्या स्की सोदाइ गोमीत द्या. प्लीज."

सोदाइ गोमी म्हणजे मोठा कचरा. त्यातून वृंदा गेली त्या दिवसापासून कचरा हा शब्द रविकांतला ऐकवत नव्हता.

त्याने बाकीच्या स्की वाटून टाकल्या. दोन जोड्या मात्र घेऊन तो त्या गावी गेला. मियाशिता-सान त्या भिंतीवर लावणार होत्या.

"भिंतीवर लागण्याआधी एकदा फिरवून आणा, रवी-सान," त्या म्हणाल्या. "लाकूड वाट बघतं."

खानावळीत दुसरं कोणी पाहुणं नव्हतं. वृंदाची जोडी आणि बूट त्याने सुकवायच्या खोलीत ठेवले. तिथे दिवसभर हीटर असतो. खोली कोरडी ठणठणीत. आपली जोडी घेऊन तो डोंगरावर गेला.

नाडी बांधायला वाकून पाहिलं. जमलं नाही. तशीच लोंबत सोडली.

पहिल्या फेरीला खुर्ची त्याच्या बाजूला कलली. तो दांडा धरून वर गेला. सावकाश खाली उतरला. नाडी बर्फातून फरफटत होती.

मग बर्फ पडायला लागलं.

दुसऱ्या फेरीला लिफ्टवरच्या माणसाने झाडूने खुर्ची साफ केली. रविकांत उजवीकडे बसला. खुर्ची जमिनीवरून उचलली गेली...

आणि कलली नाही.

सरळ. पाणसळ लावल्यासारखी.

तो हलला नाही. डावीकडे बघायचं धाडस होईना. खाली झाडं मुकी. वर तारेची घरघर...

मग तीही ऐकू येईनाशी झाली.

बर्फ त्याच्या मांडीवर साचत होतं. दांड्यावर साचत होतं. त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं...

डावीकडच्या जागेवर एक कणही नव्हता.

"वृंदा?"

वर पोचेपर्यंत खुर्ची तशीच सरळ.

उतरल्यावर त्याने पायाकडे पाहिलं.

नाडी बांधलेली होती. टोकं आत खोचलेली.

तो खाली कसा आला ते त्याला आठवत नाही. खानावळीत आला तो थेट सुकवायच्या खोलीत गेला.

वृंदाची जोडी जागेवर होती.

खाली पाण्याचं थारोळं.

त्याने स्की उलटी केली. तो चोखंदळ माणूस, त्या जोडीचा तळ त्याला हाताच्या रेषांसारखा पाठ होता. कोरा, गुळगुळीत. आता त्यावर खड्यांचे ओरखडे होते. लांब आणि वेडेवाकडे. शिकाऊ माणसाच्या स्कीवर उमटतात तसे.

बुटात हात घातला.

ऊब होती.

"तुम्ही ही नेली होती का?" त्याने मियाशिता-सानना विचारलं.

"माझे गुडघे बघा, रवी-सान." मग त्या हसायच्या थांबल्या. पाण्याकडे बघितलं. म्हणाल्या, "पुसू नका. राहू दे."

मला हे सांगताना रविकांत भीतीबद्दल फारसं बोलला नाही. म्हणाला, "अरे, इतकी वर्षं मागे लागलो होतो तिच्या. शेवटी ती शिकली, आणि मी नेमका तिकडे बघितलं नाही."

सकाळी त्याने मियाशिता-सानकडून भाताचा मुटका करून घेतला. मागच्या अंगणात बर्फावर ठेवला. हात जोडले. "झालं ना तुझं मनासारखं? आता अडकून राहू नकोस. जा."

एक कावळा उतरला. लगेच. मुटका उचलून देवदारांकडे उडाला.

रविकांत धावत डोंगरावर गेला. लिफ्टमध्ये उजवीकडे बसला. डावीकडची जागा हाताने झटकून ठेवली.

खुर्ची उचलली गेली...

आणि त्याच्या बाजूला कलली. वरपर्यंत कललेलीच राहिली.

"मी भात ठेवायला नको होता," तो मला म्हणाला. हे वाक्य तो अजूनही बोलतो. जेवताना, मध्येच.

आता तो पुण्यात असतो. घरात झोपाळा आहे. त्याच्या उजव्या टोकाला बसतो. मी एकदा शेजारी बसायला गेलो, तर मला हाताने थांबवलं. "तिथे नको." मग फळीकडे बघत बसला.

झोपाळा कललेला होता. रोजच कलतो.

मागच्या महिन्यात तिथे पहिलं बर्फ पडलं. मियाशिता-सानचा फोन आला. दोन्ही जोड्या भिंतीवर व्यवस्थित आहेत, म्हणाल्या. फक्त लहान जोडीखाली सकाळी जमीन ओली असते. छत तपासून घेतलं. गळत नाही.

रविकांतने त्याच दिवशी तिकीट काढलं. एकेरी.

मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. कंबर, थंडी, वय, जे सुचेल ते बोललो. शेवटी म्हणालो, "अरे, साधी नाडी बांधायला तुला वाकता येत नाही."

तो हसला. वृंदा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"मला कुठे वाकायचंय?"

परवा तो गेला. पोचल्याचा फोन अजून आलेला नाही.