छत्री अचानक नकोशी कशी झाली?

"आत्या, एकदाच बोट लावू दे ना! ऑफर संपतेय!" जुई वेधशाळेच्या फाटकापाशी अडून बसली.

तिच्या मनगटपट्टीच्या पडद्यावर डोक्यावर आपोआप तरंगणारी छत्री गिरक्या घेत होती. खाली उरलेल्या वेळेचे लाल आकडे भराभर उतरत होते. शाळेच्या हवामान-फुग्यासाठी साठवलेले पैसे त्या छत्रीत जाणार, हे जुईला ठाऊक होतं. तरी बोट शिवशिवत होतं!

"पट्टी बंद कर. नाहीतर तिच्या लहरींच्या गोंगाटात आमच्या रेडिओ दुर्बिणीला (ताऱ्यांकडून येणाऱ्या अदृश्य लहरी टिपणारी दुर्बीण) तारे ऐकूच येणार नाहीत," वैजयंती आत्या म्हणाली. ती इथली शास्त्रज्ञ होती. जुईने रडवेल्या चेहऱ्याने पट्टी काढून दिली.

आत्याने तिच्या कपाळावर ओढमापक (एखादी गोष्ट हवीशी वाटण्याचा जोर मोजणारं यंत्र) चिकटवला. "छत्री आठव."

आत्याच्या हातातल्या त्याच्या डबीवरचा काटा थेट टोकाला!

मग जुई दुर्बिणीच्या अवाढव्य तबकडीखाली गेली. कर्ण्यातून आवाज आला. टक्, टक्, टक्...

"हा तारा आहे?"

"हो, स्वतःभोवती गरगर फिरणारा! दर फेरीला एक टक्!"

जुईने आनंदाने उडीच मारली. दिवस कसा सरला, कळलंच नाही. निघताना आत्या म्हणाली, "आता छत्री आठव."

काटा जेमतेम हलला.

"यंत्र बिघडलं!"

"नाही गं. काहीतरी छान मिळणार असं दिसलं, की मेंदूत डोपामिन (ओढ लावणारं रसायन) उसळतं. पडदा सारखा डिवचत राहिला, की ती उसळी ओसरतच नाही. पडदा दूर गेला, की ती शांत होते. मग कपाळामागचा विचारी मेंदू विचारतो, 'मला हे खरंच हवंय का?'"

फाटकाबाहेर जुईने पट्टी परत घेऊन चालू केली. ओढमापक अजून कपाळावरच होता. 'जुई, खास तुझ्यासाठी ऑफर पुन्हा!' लाल आकडे पळू लागले आणि काट्याने टुणकन उडी मारली.

"आत्या, बघ! छत्री तीच, मीही तीच. उडी मारायला लावतात ते हे आकडे!" तिने खटकन पट्टी बंद केली. "उद्यापर्यंत थांबते. तेव्हाही हवीशी वाटली, तर बघू."

इतक्यात आत्याने आपलीही पट्टी चालू केली, तशी ती किणकिणली. घडी घालून पिशवीत ठेवता येणारी होडी! आत्याचे डोळे लकाकले. जुईने चटकन स्वतःच्या कपाळावरचा ओढमापक काढून तिच्या कपाळाला लावला. काटा थरथरत टोकाला भिडला.

"अगंबाई! बंद कर, आधी बंद कर ती!" आत्या ओरडली.

जुई खो खो हसत म्हणाली, "आत्या, आता अख्ख्या गावाला मोजूया!"