हिरव्या ट्रकचं दार

मैदानाजवळच्या वेंडोव्हर गावातल्या दुकानात त्या सकाळी वर्ला गेली ती बर्फ, व्हिनेगर आणि उन्हाचं मलम आणायला. व्हिनेगर गाडीवरचं मीठ धुवायला, बर्फ डेलॉयच्या रूट बिअरसाठी, आणि मलम नाकपुड्यांना आतून लावायला. नाकपुड्यांना आतून, हे तिला आदल्याच दिवशी कळलं होतं. गाड्यांच्या वेगाच्या चाचण्या भरतात त्या मिठाच्या मैदानावर ऊन वरून लागतं त्याहून जास्त खालून, मिठावरून उलटून लागतं. नवशिके पहिल्या दिवशी मोठी टोपी घालून ऐटीत हिंडतात आणि संध्याकाळी हनुवटीखाली, कानांमागे आणि जिथलं नाव घ्यायची सोय नाही अशा जागी भाजून निघतात. डेलॉय काल अर्ध्या चड्डीत हिंडला होता. आज तो पाय फाकून चालत होता, आणि कुणी विचारलंच तर घोड्यावरून पडलो म्हणून सांगत होता.

डेलॉय हा वर्लाचा दीर. वर्ला स्वतः एकसष्ट वर्षांची, काटकुळी, कमी बोलणारी. टुविला गावात तीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली. तेवढ्या काळात बसचा काटा ताशी पस्तीस मैलांच्या पुढे गेला असेल तर तो उताराचा दोष. आणि आज ही बाई जगातल्या सर्वांत सपाट जमिनीवर, चार पट वेगाने, नवऱ्याने बनवलेल्या गाडीत बसून सुटणार होती.

नवऱ्याचं नाव रूलन. जुन्या लढाऊ विमानाच्या पोटाखाली लावायची इंधनाची टाकी त्याने कुठूनशी पैदा केली, तिला चार चाकं लावली, मागे इंजिन बसवलं आणि लालभडक रंग दिला. या एवढ्या कामाला चौदा वर्षं लागली. चौदा वर्षं वर्ला एकटी जेवली, एकटी झोपली आणि गॅरेजच्या दाराखालून येणारी उजेडाची फट बघत राहिली. गाडी पुरी झाली त्याच आठवड्यात, गेल्या हिवाळ्यात, रूलन हातातल्या पान्यासकट गाडीवर ओणवा झाला तो उठलाच नाही. पोरबाळ नव्हतं. घरात आता फ्रिजच बोलायचा, तोही मधूनमधून.

"विकून टाक," डेलॉय म्हणाला होता.

"विकीन. पण या टाकीने माझा नवरा चौदा वर्षं पळवला. एकदा आत बसून बघते, असं होतं तरी काय तिथे."

"मी चालवतो ना."

"तू मावणार कुठे त्यात?"

यावर डेलॉयने आपल्या पोटाकडे पाहिलं आणि विषय बदलला.

नवशिक्याला परवान्यासाठी दोन फेऱ्या माराव्या लागतात. एक आज, ती धड झाली तर दुसरी उद्या सकाळी. वर्लाला तेवढ्याच हव्या होत्या. त्या झाल्या की रूलनची गाडी मिठावर पळाली असं म्हणता आलं असतं, आणि मग तिला विकून घरी जाऊन गप्प बसता आलं असतं.

बर्फ घेऊन ती परतली तेव्हा थेरॉन नव्या लोकांना गोळा करून उभा होता. थेरॉन म्हणजे पिवळं जाकीट घालून मैदानावर गस्त घालणारा म्हातारा. सगळ्यांचा मामा असल्यासारखा वागायचा. त्याने वर्लाला हेल्मेटसकट गाडीत बसवलं, डोळे बांधले आणि बाहेर पड म्हणाला. ती इतक्या चटकन बाहेर आली की तो खूष झाला.

"बस चालवायचे," वर्ला म्हणाली. "आग लागली तर काय करायचं, दर महिन्याला शिकवायचे आम्हाला."

"छान. आता ऐका, बाई. ही गाडी स्वतःच्या बळावर जागची हलत नाही, तिचा पहिला गिअरच तेवढा उंच. मागून ट्रकने ढकलून पळवायची, मग इंजिन धरतं. आणि इथला एकच नियम लक्षात ठेवा. जो ढकलतो, त्यानेच आणायला यायचं. शेवटी पोचलात की उजवीकडे परतीच्या रस्त्याच्या बाजूला वळा, उतरून उभ्या राहा आणि त्याची वाट बघा. मनोऱ्यावरून रेडिओवर विचारतील, ट्रक आला का. तुम्ही 'आला' म्हणालात की आमच्या लेखी तुम्ही घरी पोचलात. पुढची गाडी सुटते, तुमच्याकडे कुणी वळूनही बघत नाही."

"बरं."

"नवे लोक लाजतात. मागे रांग खोळंबते म्हणून ट्रक नसतानाच आला म्हणून मोकळे होतात, मग उन्हात तासन्‌तास बसतात. आला नसेल तर आला म्हणायचं नाही. कळलं?"

वर्लाला ते आधीच ठाऊक होतं. रूलनचा बेत असा होता की तो चालवणार आणि वर्ला ढकलणार. टाकीला चाकं लागली तेव्हापासून, इंजिन बसायच्या आधीच, त्याच्या जुन्या हिरव्या ट्रकने तिने चर्चच्या मोकळ्या आवारात सरावही केला होता. ती बसच्या सवयीने धाडकन जाऊन धडकायची आणि रूलन टाकीतून ओरडायचा, "मऊ, वर्ला, मऊ. अंडं आहे समज." सराव संपला की तो ट्रक चालवायला घ्यायचा आणि ती दुसऱ्या बाजूच्या दाराशी उभी राहायची. त्या दाराची बाहेरची मूठ कधीचीच तुटून गेली होती. मग रूलन आतून आडवा व्हायचा, हात लांब करून, कण्हत, ते दार ढकलायचा. वीस वर्षं ती म्हणत होती, बसवून घे. वीस वर्षं तो म्हणत होता, उद्या.

वसंतात तिने तो ट्रक भंगारात दिला. तिच्या डोळ्यांदेखत यंत्राने त्याचा पेटीएवढा ठोकळा केला होता.

दुपार कलायला लागली तेव्हा तिची पाळी आली. पट्टे आवळले, हेल्मेट चढलं. टाकीला आरसा नव्हता, मान वळत नव्हती. समोर पांढऱ्यावर ओढलेली एक काळी रेघ दिसत होती आणि कानांत स्वतःचा श्वास होता.

डेलॉय काचेशी वाकला. "मी मागे आहे. आणि हे बघ, वाटेत थांबून पोरं घेत बसू नकोस."

झेंडा हलला. कालच्या सरावात डेलॉयच्या पांढऱ्या ट्रकने अशी धडक दिली होती की तिची दाढ हलली होती. तिने दात आवळून धरले.

धडक बसलीच नाही. पाठीमागे काहीतरी टेकलं, उशी टेकावी तसं, आणि गाडी घरंगळू लागली. सरळ, एकसारखी, एकही हिसका न बसता. डेलॉय शिकला म्हणायचा, तिच्या मनात आलं. मग क्लच सुटला, इंजिन भुंकलं आणि विचार करायला जागाच उरली नाही. मीठ पायांखालून ओढलं जात होतं. डोंगर जागचे हलत नव्हते. रूलन चौदा वर्षं कुठे गेला होता ते तिला त्या दोन मिनिटांत थोडंसं कळलं, आणि तिला त्याचा राग आला, आणि ती हेल्मेटच्या आत रडली.

"एकशे एकेचाळीस," मनोरा म्हणाला. "शाब्बास, वर्लाबाई."

पाचव्या मैलाची पाटी मागे गेली. ती उजवीकडे वळली, थांबली, उतरली, रेडिओ हातात घेऊन उभी राहिली.

भुतं अंधारात असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी भर उन्हात त्या पाटीपाशी एकटं उभं राहून बघावं. इंजिन बंद पडलं आणि कानांत मीठ भरावं तशी शांतता भरली. चिमणी नाही, माशी नाही, गवताची काडी नाही. तापलेलं लोखंड टिकटिकत होतं, तेही हळूहळू थांबलं. लांबचे डोंगर बुडापासून सुटून हवेत तरंगत होते. गाड्या दुरुस्त करायचे तंबू, माणसं, ट्रक सगळं क्षितिजाखाली बुडालं होतं. वर्लाला आपलं घर आठवलं. तिथेही असंच होतं, फक्त भिंती होत्या.

रेडिओ खरखरला. आवाज डेलॉयचा.

"मनोरा, माझा ट्रक सुरुवातीच्या रेषेवरच बंद पडलाय. पंप गेला वाटतं. सॉरी. तिला परत रांगेत घ्या."

"परत कशाला? ती पोचलीसुद्धा."

"पोचली कशी? मी तिला टेकलोही नाही. बॉनेट उघडून बसलोय."

"अरे, मी दुर्बिणीतून बघितलं. चांगली लांबपर्यंत ढकलत नेलीस की."

"कुणी?"

"तूच. हिरवा ट्रक."



"माझा पांढराय," डेलॉय म्हणाला.

वर्लाने मान वर केली. डावीकडून काहीतरी येत होतं. डावीकडे रस्ता नाही. तिथे मिठाचा पापुद्रा पातळ आहे आणि खाली करडा चिखल, गुडघाभर. जे येत होतं ते आधी दोन होतं, पायाला पाय लावून उभं, एक सुलट, एक उलटं. मग दोन्ही एकमेकांत मिसळले आणि ट्रक झाला. हिरवा. जवळ येताना त्याचं इंजिन मधेच खोकलं, ओळखीचं.

तो थोड्या अंतरावर थांबला. हॉर्न वाजला, आखूड, दोनदा. चर्चबाहेर कंटाळून वाजायचा तसा.

आणि वास आला. त्या मैदानावर कशालाच वास नसतो, म्हणून तो लगेच कळला. ग्रीस काढायच्या साबणाचा, संत्र्याचा. रात्री उशिरा अंथरुणात शिरताना त्याच्या हातांना यायचा तो.

"वर्लाबाई," रेडिओ म्हणाला, "इथे काहीतरी घोटाळा झालाय. तुमचा ट्रक आला का?"

तिचं बोट बटणावर होतं. जो ढकलतो, त्यानेच आणायला यायचं. नेमानेच आला होता. 'आला' म्हणायला काय जात होतं? एक शब्द. मग कुणी वळून बघितलं नसतं, आणि घरी वाट बघणारा तर कुणी नव्हताच. फ्रिज होता.

"बाई... आला का?"

ट्रकचं दार उघडलं आणि माणूस उतरला. तीच टोपी, तोच वाकलेला खांदा. वर्लाच्या घशातून नाव वरपर्यंत आलं. तो बॉनेटला वळसा घालून तिच्या बाजूला आला. मूठ धरली. दार बाहेरून उघडलं, हलकेच, कुरकुर न करता, आणि हॉटेलातला दरवान धरतो तसं धरून तो उभा राहिला.

"चल, वर्ला..."

वर्ला त्या मुठीकडे बघत राहिली. चकचकीत होती.

नाव घशातच राहिलं. तिने बटण दाबलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही आला. हा... माझा ट्रक नाही."

"कुठला हा? बाई? थांबा तिथेच, थेरॉन निघालाय."

माणूस हलला नाही. त्याने मुठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. गणित चुकलं हे कळावं, पण कुठे ते कळू नये, अशा पोरासारखा. दार लावलं. पुन्हा उघडून बघितलं. पुन्हा लावलं. मग सावकाश वळसा घालून तो आत बसला आणि ट्रक आला तसाच डावीकडे, चिखलावरून, निघून गेला. आधी दोन झाला, मग काहीच नाही.

थेरॉन आला तेव्हा ती गाडीला पाठ टेकून मिठावर बसली होती. ऊन लागलं, ती म्हणाली. थेरॉनने तिला पाणी पाजलं आणि गाडी ओढत आणली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या तळावर ती गोष्ट झाली होती. मनोऱ्यावरच्याला मृगजळ चावलं, वर्लाला वाऱ्याने ढकललं, डेलॉयने खोटं बोलून फुकट श्रेय सोडलं, वगैरे. डेलॉय तर सांगत सुटला की आमच्या घराण्यातल्या गाड्या नुसत्या शरमेने पळतात. वर्ला हसली नाही. पहिली फेरी तिच्या नावावर लागली होती. उद्या सकाळची पहिली पाळी डेलॉयने मनोऱ्यावर सांगूनही टाकली होती.

"पण ढकलायला?" ती म्हणाली. "तुझा पंप..."

"मिळेल गं कुणीतरी. इतके ट्रक आहेत."

सूर्य टेकला आणि मीठ जांभळं झालं. अंधारापूर्वी सगळ्यांना मैदानाबाहेर काढायची थेरॉनची शेवटची चक्कर झाली, तसा तो त्यांच्या ताडपत्रीपाशी थांबला. वर्लाने त्याला उरलेलं सँडविच दिलं.

"ट्रकची सोय आधीच केलीत होय," तो खात खात म्हणाला. "सांगायचं नाही का? मी उगीच चार जणांना विचारत बसलो."

"कसली सोय?"

"तुमचा माणूस भेटला ना, पाचव्या मैलापाशी. हिरवा ट्रक. म्हणजे मनोऱ्यावरच्याला मृगजळ नव्हतं दिसलं. म्हटलं, बाबा, रात्री इथे राहता येत नाही. म्हणाला, जातोच आहे, सकाळी तिला ढकलायला यायचंय. भला वाटला. संत्र्याचा वास येत होता."

वर्लाने सँडविचचा कागद चुरगळला. "चेहरा... बघितला का तुम्ही?"

"टोपी होती. त्यात मागे सूर्य. पण जरा दुःखी होता हो. म्हणाला, मघाशी दार उघडून उभा राहिलो तर ती आलीच नाही, माझं काय चुकलं?"

"मग?"

"मग काय. मी विचारलं, कुठून उघडलंस? तर म्हणे, बाहेरून." थेरॉन हसला. "म्हटलं, मला बाबा बायकांचं काही कळत नाही. पण माझ्या जुन्या ट्रकची बाहेरची मूठ तुटलीय. आमची बायको आली की मी आतून आडवा होतो आणि ढकलतो. तिला आता तीच सवय. फार बरं वाटलं बघा त्याला."

"काय... म्हणाला?"

थेरॉनने बोटं चाटली, आठवून बघितलं.

"काही नाही. 'अस्सं,' म्हणाला. 'आतून.' दोन-तीनदा म्हणून बघितलं. आतून... आतून."