गाडीला न आवडलेला माणूस

नव्याकोऱ्या गाडीचा मालक गाडीबाहेर पावसात भिजत उभा आहे, हे दृश्य काही रोज दिसत नाही. म्हणून चिमणीनं ब्रेक दाबला. आता तिची गाडी पडली म्हातारी, ब्रेक दाबल्यावर आधी विचार करणार आणि मग थांबणार. त्यामुळे ती थांबली ती त्याला ओलांडून चांगली पुढे. मग रिव्हर्स घेऊन, खिडकीची काच हँडल फिरवून खाली करत तिनं विचारलं,

"किल्ली आत राहिली का?"

"हिला किल्ली नसतेच," तो म्हणाला. केसांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं, तरी सांगण्याचा थाट मास्तरांचा. "फोननं उघडते. आणि फोन… मेलाय."

"म्हणजे गाडीला काही झालेलं नाही. फक्त तुम्ही बाहेर आहात."

"तसंच म्हणावं लागेल."

तिला हसू आवरेना. तो क्षणभर रागावायचं की नाही याच्या विचारात पडला आणि मग स्वतःच हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडते, हे चिमणीनं तेव्हाच पाहून ठेवलं. कशाला पाहिलं म्हणून विचारू नका. बघायला गाडी थांबवली होती, बघितलं.

शेजारचं दार आतून ढकलून दिल्याशिवाय उघडत नाही. तिनं वाकून ते उघडलं, तो बसला. पायाशी थोडी ओल होती, तेव्हा त्यानं इकडेतिकडे पाहून आपली जडशी बॅग डॅशबोर्डखालच्या एका काळ्या खुंटीला अडकवली आणि ऐसपैस टेकला. गाडी निघाली. आणि निघाली ती खोकतच. एरवी गुणगुणत जाणारी बाई आज चढ दिसला की धापा टाकायला लागली, मागे काळा धूर सोडायला लागली. चिमणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एरवी अशी करत नाही हो ही," ती म्हणाली.

"चालायचंच, वय झालं," तो म्हणाला. "शून्यापासून शंभरपर्यंत किती वेळात जाते?"

"शंभरपर्यंत जायचं असतं, हे अजून तिच्या कानावर आलेलं नाही."

तो परत हसला. खळी होतीच.

तो गाड्यांच्या कारखान्यात चाचणी विभागात होता. नवी गाडी बाजारात जायच्या आधी ती किती वेगानं पळते, किती अंतरात थांबते, वळणावर कशी वागते, हे मोजायचं हे त्याचं काम. कारखान्याच्या फाटकापाशी तो उतरला. माणूस नीटनेटका, सीटवरचं पाणी रुमालानं टिपून, सगळं होतं तसं जागच्या जागी करून गेला. आणि गंमत म्हणजे तो उतरल्यावर पुढच्या वळणापासून गाडी अशी चालली, जणू काही झालंच नव्हतं.

चिमणीला चिमणी म्हणायची तिची आत्या. आईवडील गेल्यापासून आत्यानंच तिला वाढवलं होतं. आत्याची ड्रायव्हिंग शाळा होती, आणि ही जुनी गाडी त्या शाळेची पहिली विद्यार्थिनी, असं आत्या म्हणायची, कारण त्या काळात गाडीलाच बाईच्या हाताची सवय करावी लागली होती. आता शिकवायला दुसरी छोटी गाडी होती. चिमणी तिच्यावर दिवसभर लोकांना क्लच सोडायला शिकवायची. जुनी मात्र घरच्या माणसासारखी दारात उभी असायची.

पुढच्याच आठवड्यात चाचणीवाला आभार मानायला शाळेत आला. मग काहीतरी विचारायला आला. मग काहीच न विचारायला आला. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एकदा त्यानं मोकळ्या मैदानावर दोन्ही गाड्यांची रीतसर तुलना केली. पिकअप, ब्रेक, वळण, पेट्रोल, एकूण एक गोष्टीत नवी जिंकली. जुनीची तर दाणादाण उडाली. चिमणी फुरंगटून बसली.

"आकडे खोटं बोलत नाहीत ना," तिनं विचारलं.

"नाही बोलत. पण सगळं सांगतही नाहीत." तो जुन्या गाडीच्या स्टिअरिंगवरून हात फिरवत होता. "माझ्या गाडीत मी बसतो आणि ती जाते. हिच्यात रस्ता हाताला लागतो. मी आजवर हजारदा असल्या वळणावरून गेलो असेन… पण वळलो आज."

हे तो गाडीबद्दल बोलला, हे चिमणीला पक्कं ठाऊक होतं. तरी तिचे कान तापले ते तापलेच.

सगळं छान चाललं होतं. एक सोडून. तो शेजारी बसला की जुनी गाडी आजारी पडायची. तो नसला की ठणठणीत. मैदानावर तो स्वतः चालवत होता तेव्हाही ठणठणीत, पण शेजारच्या सीटवर बसला, बॅग अडकवली, निघाले, की खोकला सुरू. चिमणीनं प्लग पुसले, कार्बोरेटर खोलून धुतला, पेट्रोलची नळी बदलली. काही म्हणून सापडेना.

आत्याला मात्र सापडलं होतं.

"गाडीला तो खपत नाही," ती शांतपणे म्हणाली.

यावर तुम्ही हसाल. चिमणी हसली नाही, कारण तिला मागची गोष्ट माहीत होती. शाळेच्या समोरच घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान होतं. वाकड्या मुठीची लांब छत्री घेतल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पाऊल टाकत नसे, मग ऊन असो की पाऊस. तरुणपणी त्यांचं आणि आत्याचं जमत आलं होतं. पण ते गाडीत बसले की गाडी अडून बसायची. लग्नाचं बोलायचं ठरलं त्या दिवशी तर भर चौकात बंद पडली. आत्यानं तो कौल मानला आणि नकार दिला. काकांनी कारण विचारलं नाही. दुसरं लग्नही केलं नाही. तेव्हापासून आत्या रस्ता ओलांडताना त्यांच्या दुकानाकडे बघत नसे, आणि काका तिनं रस्ता ओलांडेपर्यंत हातातलं काम थांबवत.

"या रविवारी घाट चढायचा," आत्यानं सांगून टाकलं. "तू चालव, तो शेजारी बसेल. वरच्या देवळापर्यंत गाडी गेली तर मी तुमच्यामध्ये येणार नाही. बंद पडली तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

चिमणीनं आत्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, रात्रंदिवस त्या गाडीशी झटून झटून तिच्याही मनात पाल चुकचुकायला लागली होती. त्याला तिनं सगळं सांगितलं. त्याची थट्टा ऐकायची तिनं तयारी ठेवली होती, पण तो थट्टा न करता म्हणाला की इंजिनाशी वाद घालण्यापेक्षा आत्यांना जिंकलेलं बरं, तेव्हा घाट तर घाट. एवढंच नव्हे, मागून यायला त्यानं स्वतःची नवी गाडी, फोनसकट, आत्याच्या ताब्यात दिली. देताना त्याचा चेहरा पोराला पहिल्या दिवशी शाळेत सोडणाऱ्या बापासारखा झाला होता.

रविवारी धुकं होतं. आत्या नव्या गाडीत बसली आणि गाडीनं बोलायला सुरुवात केली. पट्टा लावा. रेषेच्या आत राहा. हात स्टिअरिंगवर ठेवा. जन्मभर दुसऱ्यांना हेच सांगून सांगून गळा सुकवलेल्या बाईला गाडी शिकवायला निघाली होती. काचेतून आत्याचे ओठ हलताना दिसत होते आणि ती नक्की काय म्हणत असेल, याची चिमणीला कल्पना होती. पण पहिल्याच चढावर नवी गाडी सुळकन पुढे निघून गेली. न दम, न धूर.

इकडे खोकला सुरू झाला होता.

पहिलं वळण कसंबसं निघालं. दुसऱ्याला दुसरा गिअर पुरेना, पहिला टाकावा लागला. आरशात काळा धूर दिसत होता. "चल ग, चल ना बाई," चिमणी पुटपुटत होती. तो चढ बघून सीटवर पुढे सरकून बसला होता, तेवढ्यानं वजन कमी होणार असल्यासारखा. घाटाच्या मध्यावर, कठड्याच्या बाजूला थोडी सपाट जागा होती. तिथं गाडीनं एक आचका दिला आणि मान टाकली.

चिमणीनं हँडब्रेक ओढला. बॉनेट उघडून प्लग काढून पाहिले, तर काजळी धरलेले. इंजिनाला नको तितकं पेट्रोल जात होतं, पण का जात होतं ते समजेना. तिनं प्लग पुसून परत बसवले. डोळे भरून आले ते मात्र पुसता येईनात, कारण हात काळे झाले होते. त्यानं रुमाल काढून तिचे डोळे टिपले. अगदी हळू… काच पुसावी तसे.

"ऐक," तो म्हणाला. "मी उतरतो. तू गाडी वर ने. मी चालत येतो."

"तू शेजारी असायला हवास. तेच तर ठरलंय."

"ठरलंय ते ठरलंय. पण तुझी गाडी माझ्यामुळे हरायला नको. आत्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. नाही म्हणाल्या तर उद्या परत येईन, परवा परत येईन. मी चाचणी विभागातला माणूस आहे, एका चाचणीत नापास झालो म्हणून सोडून देत नाही."

तो आत वाकला, बॅग काढली, आणि सवयीनं, एका बोटानं, खुंटी आत ढकलली.

चिमणी बघतच राहिली.

"आत्ता काय केलंस?"

"बॅग घेतली."

"त्यानंतर."

"हुक आत लावला. बॅगेनं जरा बाहेर येतो… मी दर वेळी नीट आत लावून जातो."

"तो हुक नाहीये," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "तो चोक आहे."

थंड इंजिन चालू करताना पेट्रोल जास्त मिळावं म्हणून ओढायची ती खुंटी. गाडी गरम झाली की आत ढकलायची. चिमणी ती रोज ढकलायची आणि हा गृहस्थ रोज तिला बॅग अडकवून पुन्हा बाहेर ओढायचा. त्यानं आयुष्यात तपासलेल्या एकाही गाडीला चोक नव्हता. त्यांच्यात ते काम इंजिन आपलं आपण करतं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"पण तू शिकवतेस गाडी," तो अडखळत म्हणाला. "तुला एवढे दिवस कसं दिसलं नाही?"

"कारण तू बसलास की…" ती थांबली. मग म्हटलं, आता काय लपवायचं. "तू बसलास की माझी नजर त्या बाजूला तुझ्या गालापर्यंतच जाते. खाली जातच नाही."

धुक्यात कुठेतरी एक पक्षी ओरडला. तो बॅग छातीशी धरून शेजारी येऊन बसला, आणि खळी अशी पडली की बस.

मग गाडी चढली हो. गुणगुणत, दुसऱ्या गिअरमध्ये, वळणामागून वळण, जणू तरुणपणी राहून गेलेलं सगळं आजच करून घ्यायचं होतं. वरच्या टप्प्यावर नवी गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसली. तिनं पडद्यावर कपाचं चित्र दाखवून आत्याला सांगितलं होतं, की तुम्ही दमलेल्या दिसता, थोडी विश्रांती घ्या. आत्या गाडी थांबवून तिला उत्तर देत होती. चिमणीनं हॉर्न दाबला आणि दोघं तिच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेली.

वर पोचल्यावर इंजिन बंद करायच्या आधीच तो म्हणाला, "लग्न करशील?"

"खालीच सांगितलं की," चिमणी म्हणाली, आणि काळ्या हातानं त्याचा हात धरला.

आत्या आली, तेव्हा दोघांनी तिला सगळं खरं सांगितलं. ती हसेल असं चिमणीला वाटलं होतं. पण आत्या गाडीपाशी गेली, आत वाकून त्या काळ्या खुंटीकडे बराच वेळ बघत राहिली.

"त्याची छत्री," ती म्हणाली. "वाकड्या मुठीची. इथंच अडकवायचा."

तिनं एका बोटानं खुंटी बाहेर ओढली आणि परत आत ढकलली.

"मला तरी कुठं दिसायचं," आत्या म्हणाली, आणि मग हसली. डोळे पुसत हसली. हात पुढे करून म्हणाली, "किल्ली दे चिमणे. तुम्ही दोघं या त्या बोलक्या बयेतून. सीट मात्र गरम करते हं ती, पाठीला बरं वाटलं."

ती दोघं खाली शाळेपाशी पोचली, तेव्हा जुनी गाडी रस्त्यापलीकडे, घड्याळांच्या दुकानासमोर उभी होती. इंजिन चालूच होतं. काका दुकानाची कडी लावून आले, आत्यानं आतून दार ढकलून दिलं, ते बसले आणि सवयीनं छत्री पुढे नेली. आत्यानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मागच्या सीटवर टाकली. मग गाडी निघाली, भर चौकातून, कुठेही न अडता.