दुसरा आणि चौथा शनिवार

काम तसं पाच मिनिटांचं होतं. एका फॉर्मवर सही आणायची, बस्स.

कुणाला आणायची होती? तर आमच्या चष्मेवाल्याला. माझ्या सुतारकामाच्या दुकानाला लागून त्याचं दुकान, मधे एक भिंत. पलीकडे तो काचा घासायचा, अलीकडे मी लाकूड. माणूस नेमस्त. कधी आवाज चढला नाही, कधी तोंडातून शिवी नाही. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवताना असं बोट फिरवायचा की माणसाला झोप यावी. हे सगळं मला त्यानं स्वतः सांगितलंय, माझ्या दुकानात, भुश्याच्या पोत्यावर बसून. त्यात पदरचं मी काही घातलेलं नाही. आणि शेवटचं जे आहे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्याच दुकानचा चष्मा लावून.

हसा. आत्ता हसून घ्या.

त्याची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दोघांचं फाटलं. का फाटलं ते विचारू नका. त्याचं ऐकलं की त्याचं खरं वाटायचं, तिचं ऐकलं की तिचं. एकच मुलगी, सहा वर्षांची. सगळे तिला ठमी म्हणायचे. कोर्टानं मुलगी बापाकडे ठेवली, कारण त्याच्या घरी सांभाळायला त्याची थोरली बहीण होती. आईला दिले महिन्यातले दोन शनिवार. दुसरा आणि चौथा. दुपारी चार ते रात्री आठ, आईच्या घरी.

आता बघा हं. चष्मेवाल्यानं मुलीला आईविरुद्ध एकही वाकडा शब्द सांगितला नाही. तो शपथेवर सांगायचा, आणि ते खरं होतं. तो फक्त विचारायचा. "तिकडून आलं की तुझं पोट का दुखतं गं?" पोरीचं पोट दुखत नसे. चारदा विचारल्यावर दुखायला लागलं. आईनं पाठवलेला स्वेटर आला की तो उलटसुलट करून बघायचा, नाकाशी न्यायचा आणि काही न बोलता माळ्यावर टाकायचा. शनिवारी ठमी निघाली की म्हणायचा, "जा हं तू. मी काय, बसतो एकटा." एवढंच. काच अशीच घासतात. एकदम दाबली तर तडकते. रोज थोडी थोडी...

वर्षभरानं कोर्टातल्या बाईंनी ठमीला वेगळं बसवून विचारलं, आईकडे का जात नाहीस? पोर म्हणाली, "मला त्या बाईंकडे सुरक्षित वाटत नाही."

सात वर्षांचं पोर. 'सुरक्षित'! आपण तरी घरात बोलतो का हा शब्द?

"मी शिकवला नव्हता," चष्मेवाला मला म्हणाला. "मी वकिलाशी फोनवर बोलायचो, त्यात यायचा. ती शेजारी चित्रं काढत असायची."

तरी सुरुवातीला नेमानं तो तिला आईच्या इमारतीपाशी न्यायचा. कागदावर दिसायला हवं ना. आई तीन मजले उतरून खाली यायची. ठमी शेवटच्या पायरीशी उभी राहायची, बुटांकडे बघत. "आत चल ना, राणी." मग, "बरं, इथंच बसू या का दोघी?" पाच-सात मिनिटं अशी जायची. मग चष्मेवाला म्हणायचा, "तिची इच्छा नाही, मी काय करणार?" आणि घरी घेऊन यायचा.

काही महिन्यांनी आई खाली यायची थांबली. कोर्टात तक्रार नाही, वकिलाची नोटीस नाही, फोन नाही. चष्मेवाल्याला वाटलं, गप्प झाली म्हणजे हरली.

ठमीही गप्प झाली होती. दिलं ते खायची, सांगितलं तिथं बसायची. रडणं नाही, हट्ट नाही. हसणं तर नाहीच. शेजारीपाजारी म्हणायचे, काय शहाणी मुलगी आहे! एकच गोष्ट जरा वेगळी होती. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी तिला झोप यायची. गाढ. चारला डोळे मिटायचे, ते रात्री आठला उघडायचे. आत्या म्हणायची, "मेल्यासारखी झोपते रे. शेजारी ढोल वाजवा, उठायची नाही." चष्मेवाला म्हणायचा, "झोपू दे. आठवडाभर दमते बिचारी."

त्या वारांची आणि त्या वेळेची सांगड त्यानं घातली नाही. माणूस काचेतून जगाला दाखवतो हो, पण...

असो. तर तो फॉर्म. चष्मेवाल्याला दुसऱ्या गावी मोठ्या दुकानात भागीदारी मिळत होती. चौदा तासांचा प्रवास. ठमीची शाळा बदलायची, तर कोर्टाच्या कागदाप्रमाणे आईची सही हवी. फॉर्म सोमवारी द्यायचा होता.

२०२३ सालचा नोव्हेंबर. तारीख पंचवीस, शनिवार. चौथा शनिवार, पण त्याच्या ते ध्यानातही नव्हतं. ते शनिवार त्याच्यापुरते केव्हाच संपले होते. सात वाजता दुकान बंद केलं, फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि चालत निघाला. सात पस्तीसला तिसऱ्या मजल्यावर पोचला. लांब गॅलरी, एका बाजूला दारं, दुसऱ्या बाजूला कठडा. शेवटचं दार तिचं. दाराआधी स्वयंपाकघराची खिडकी. आत दिवा होता.

घंटीकडे हात गेला. तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला.

ठमीचं हसणं एकदम निराळं होतं. हसता हसता उचकी लागायची आणि उचकीचं पुन्हा हसू यायचं. ते हसणं त्यानं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्याला वाटलं, जुना व्हिडिओ लावून बसली असेल. बायका बसतात. त्याला वाईटही वाटलं, असं म्हणाला. मग तो खिडकीशी गेला.

आत टेबल. एका खुर्चीवर आई, खिडकीकडे तोंड करून. समोर पाठमोरी मुलगी. पाय खुर्चीवरून लोंबकळत होते, हलत होते. दोघी पत्ते खेळत होत्या. आई पत्ता टाकत होती आणि मुलगी उचक्या देत हसत होती.

मानेवरचा तीळ त्याला ओळखता येत होता.

पहिला विचार काय आला असेल? राग. बहिणीनं परस्पर पोरीला इकडे आणून सोडलं. त्यानं तिथंच गॅलरीत उभं राहून बहिणीला फोन लावला.

"ताई, ठमी कुठाय?"

"कुठे म्हणजे? झोपलीये."

"खोटं बोलू नकोस."

"अरे, माझ्यासमोर आहे. भिंतीकडे तोंड करून झोपलीये. काय झालं?"

तो खिडकीतून बघत होता. मुलीनं एक पत्ता उचलला. हातातल्या पत्त्यांत खोचला.

"ताई... उठव तिला."

"आता? राहू दे की."

"उठव म्हणतो ना."

फोनमधून पलंगाचा आवाज आला. मग बहिणीचा. "ठमे... ए ठमे. ऊठ बाळा."

खिडकीच्या आत मुलीचं हसू थांबलं.

"उठत नाही रे. थांब, हलवते."

आणि टेबलाशी बसलेल्या मुलीचा डावा खांदा हलला. स्वतःहून नाही. कुणी मागून धरून हलवावा... तसा.

मागे कुणी नव्हतं.

"ठमे! अरे, अंग किती गार लागतंय हिचं..."

पुन्हा खांदा हलला. जोरात. हातातले पत्ते सांडले.

मुलगी मान वळवायला लागली. हळूहळू. खिडकीकडे.

तेव्हा आईनं वर पाहिलं. तिला तो दिसला. ती दचकली नाही. नवरा दीड वर्षानं खिडकीत दिसतोय, त्याचंही काही नाही. ती हळू आवाजात म्हणाली,

"हलवू नका म्हणावं तिला. आठ वाजायचेत अजून."

...

फोनमध्ये बहीण ओरडत होती. त्यानं कसंबसं सांगितलं, "राहू दे. हात लावू नकोस." आणि फोन बंद केला.

मुलीचा खांदा थांबला. अर्धी वळलेली मान परत फिरली. आईनं खाली वाकून पत्ते गोळा केले, पिसले, वाटले.

तो तिथंच उभा राहिला. वीस मिनिटं.

आठ वाजता मुलगी खुर्चीवरून उतरली. आईनं तिला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. मग मुलगी दाराकडे निघाली.

दार उघडलं नाही.

गॅलरीतून त्याच्या अगदी जवळून काहीतरी गेलं. लहान मूल पळत जिना उतरतं ना, तशी पावलं. तिसरा मजला... दुसरा... पहिला. मग शांत.

हातातला फोन वाजला. बहीण.

"उठली बाबा एकदाची. पाणी मागतेय."

दार आता उघडलं. आई उभी होती. त्याच्या हातातली पिशवी बघून म्हणाली, "सही हवीये ना? आण. कुठेही ने तिला. ती येते."

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"मी खाली यायची थांबले ना, त्याच्या आधीपासून. एकदा तुम्ही दोघं गेल्यावर तासभर खालीच बसले, मग वर आले, तर ही खुर्चीत बसलेली."

"तुला भीती..."

"माझी मुलगी आहे. भीती कसली?"

त्यानं फॉर्म दिला नाही. घरी आला. ठमी ताटावर बसली होती. तो तिच्यासमोर बसला, म्हणाला, "बाळा, आईची आठवण येते का तुला?"

पोरीनं घास गिळला. "मला त्या बाईंकडे सुरक्षित वाटत नाही."

तेच वाक्य. त्याच चालीवर.

त्यानं प्रयत्न केला, नाही असं नाही. पंधरा दिवस रोज सांगितलं, आई चांगली आहे, माझं चुकलं. माळ्यावरचे स्वेटर काढले. ते तिला आता होत नव्हते. ठमी ऐकून घ्यायची. पोटावर हात ठेवायची. जे थोडं थोडं करून घासलं, ते एकदम कसं भरून येणार?

डिसेंबरचा दुसरा शनिवार, नऊ तारीख. दुपारी तीनपासून त्यानं ठमीला झोपू दिलं नाही. तोंडावर पाणी मारलं, उचलून घेतलं आणि चारच्या ठोक्याला आईच्या दारात आणून उभं केलं. खालच्या पायरीशी नाही. वर. दारात.

आईनं दार उघडलं. खरी मुलगी समोर. हाडामांसाची, गरम अंगाची. आई गुडघ्यांवर बसली. "ठमे?"

ठमी बुटांकडे बघत राहिली.

आईनं गालाला हात लावला. पोर आक्रसली नाही की हलली नाही. उभी राहिली. दुकानात फ्रेमचं माप देताना मुलं उभी राहतात, तशी.

मग आईनं मागे वळून टेबलाकडे पाहिलं. दोन खुर्च्या. दोन्ही रिकाम्या.

ती उठली. चष्मेवाल्याला म्हणाली, "हिला घेऊन जा."

"अगं, पण मी स्वतः आणलीये हिला..."

"ही जागी असली की ती येत नाही." तिचा आवाज सरळ होता. रडत नव्हती. "घरी ने. झोपू दे हिला."

आणि दार लावलं.

हे सांगताना चष्मेवाला पण रडला नाही. मीच उठून रंधा उगीच जागेवर ठेवला.

काय म्हणालात? नाही, तो गेला नाही दुसऱ्या गावी. भागीदारी सोडली. शनिवारी दुकान तीनला बंद करायचा, घरी जाऊन पडदे ओढायचा आणि मुलीच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसायचा. कुणी तिला उठवू नये म्हणून. आठपर्यंत.

मार्चअखेर ठमीच्या आईची लॅब बंद झाली. दुसरीकडे नोकरी लागली, ती गेली. लांब. घर रिकामं झालं. घरमालकानं नवं कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. तीन महिने घर बंद.

जूनमध्ये त्या मालकाचा मला फोन. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाळवीनं खाल्लीये, बदलायची आहे. चोवीस तारीख, सोमवार. मालकानं माझ्यादेखत कुलूप उघडलं. जमिनीवर बोटभर धूळ. त्या धुळीत आमच्या दोघांच्याच पावलांचे ठसे उठत होते, हे मी मुद्दाम पाहिलं. मालक खाली गेला. मी चौकटीला पहार लावली आणि थांबलो.

चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. आडव्या रेघा, खालून वर. मुलांची उंची मोजतात ना, तशा. प्रत्येक रेघेशी तारीख, लॅबच्या बाटलीवर लिहितात तशा बारीक, सरळ अक्षरात. मी मोबाइलवर कॅलेंडर काढून एकेक ताडून पाहिली. दुसरा शनिवार, चौथा शनिवार, दुसरा, चौथा. दोन वर्षं. एक सुटली होती. डिसेंबरची नऊ.

ते अक्षर मार्चच्या तेवीस तारखेपाशी संपलं होतं.

त्याच्या वर आणखी सहा रेघा होत्या.

वाकड्यातिकड्या. ज्याचं त्यानं पाठ टेकवून, डोक्यामागे हात नेऊन, न बघता मारलेल्या. तारखा लहान मुलाच्या अक्षरात. तेरा एप्रिल. सत्तावीस एप्रिल. मे महिन्यातल्या दोन. आठ जून.

आणि सगळ्यात वरची... बावीस जून.

परवाच्या शनिवारची.